कागदावरचं कुटुंब: कुठे कोण आत, कोण बाहेर?

(महासंघाच्या सर्वसाधारण सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या गटांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी ते इथे छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



आज मला फक्त एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द आहे 'कुटुंब'. तुम्ही म्हणाल, हिचं अजून लग्न व्हायचंय आणि ही आम्हाला कुटुंब काय असतं ते सांगणार! तर संसार कसा करायचा ते तुम्हीच मला शिकवायचं आहे. मी बोलणार आहे ते कागदावरच्या कुटुंबाबद्दल. कारण घरातलं कुटुंब आणि कागदातलं कुटुंब, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. आणि गंमत म्हणजे प्रत्येक कागदाचं कुटुंबही वेगळं आहे.

आपल्या बोलण्यातही हा शब्द काही एका जागी बसत नाही. जुनी माणसं म्हणायची, "आमचं कुटुंब माहेरी गेलंय." म्हणजे कोण गेलं? बायको! लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब या' लिहितात तेव्हा लेकराबाळांसकट सगळे येतात. आणि "आमचं कुटुंब लई मोठं" म्हणतो तेव्हा चार चुलत्यांची घरं त्यात येतात. बोलताना हे चालून जातं, कारण समोरचा माणूस ओळखीचा असतो, त्याला बरोबर कळतं. कागद कुणाला ओळखत नाही. कागदात जेवढं लिहिलंय, तेवढंच कुटुंब.

आता आपण एक घर डोळ्यांसमोर आणू. नावं देत नाही, नाती सांगते. सासरे आणि सासू. त्यांचा मोठा मुलगा, त्याची बायको म्हणजे या घरची सून, आणि त्या दोघांची दोन लहान मुलं. धाकटा मुलगा चोवीस वर्षांचा, अजून लग्न व्हायचंय. घरात माणसं सात, चूल एक. आणि एक मुलगी, लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात दिलेली. जमीन सासऱ्यांच्या नावावर. असं घर आपल्या प्रत्येक गावात आहे, हो ना? आता हे घर घेऊन आपण एकेका कागदाच्या दारात जाऊ आणि विचारू, "बाबा, तुझ्या लेखी कुटुंब कोण?"

पहिला कागद: रेशनकार्ड

रेशनकार्ड म्हणतं, एका चुलीवरची सात माणसं म्हणजे कुटुंब. मुलगी सासरी गेली, तिचं नाव कमी झालं. हे आपल्याला पटतं, कारण आपणही असंच मोजतो. 'चूल वेगळी झाली' म्हणजे घर वेगळं झालं.

पण इथेही दोन गोष्टी नीट बघा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात लिहिलंय की रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव असेल. म्हणजे आपल्या घरात प्रमुख सासू. सासरे नाहीत, मोठा मुलगाही नाही.

दुसरी गोष्ट धान्याची. अंत्योदय कार्ड असेल तर महिन्याला पस्तीस किलो, ते अख्ख्या कुटुंबाला. माणसं तीन असोत की आठ, पस्तीसच. प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी पाच किलो. म्हणजे एका कार्डात कुटुंब मोजलं जातं, दुसऱ्यात डोकी मोजली जातात. नातू जन्मला आणि प्राधान्य कार्डावर त्याचं नावच घातलं नाही, तर दर महिन्याला पाच किलो धान्य आपण दुकानातच सोडून येतो. दोन वर्षं नाव घालायचं राहिलं, तर एकशेवीस किलो झालं. हिशेब करून बघा.

दुसरा कागद: जॉबकार्ड

रोजगार हमीचा केंद्राचा २००५ चा कायदा. त्यात कुटुंब म्हणजे रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्याने जोडलेली, नेहमी एकत्र राहणारी, आणि एकत्र जेवणारी किंवा एकच रेशनकार्ड असलेली माणसं. पुन्हा चूलच आली. त्या कायद्याने शंभर दिवसांची हमी दिली, पण ती माणसाला नाही, कुटुंबाला. मोठ्या मुलाने साठ दिवस काम केलं आणि सुनेने चाळीस, की कुटुंबाचे शंभर भरले. मग धाकटा कामाला गेला तर त्याला सांगतील, त्या हमीचे तुमचे दिवस संपले. तो म्हणेल, "मी तर एक दिवसही गेलो नाही." तो गेला नसेल, पण त्याचं कुटुंब गेलं होतं.

म्हणून एक विचारते. तुमच्या घरात कोणाचे किती दिवस भरले, हे कोणी लिहून ठेवतं का? गटाच्या बचतीचा रुपया न रुपया लिहिता, तसे हे दिवसही लिहा.

तिसरा कागद: कर्जाचा करार

आता जरा सावरून बसा, कारण हा कागद आपल्या दारात चालत येतो. गटाचं बँकेकडचं कर्ज वेगळं, ते गटाच्या नावावर असतं. मी बोलतेय ते मायक्रोफायनान्स कंपन्या बाईच्या नावावर घरोघर जे कर्ज देतात त्याबद्दल.

रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून या कर्जांसाठी नियम लागू केले. त्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. बस्स, एवढंच. इथे चूल मोजतच नाहीत, लग्न मोजतात! म्हणजे आपल्या सात माणसांच्या घराची इथे दोन कुटुंबं झाली. सासू, सासरे आणि धाकटा हे एक. मोठा मुलगा, सून आणि दोन मुलं हे दुसरं.

याने काय फरक पडतो? खूप पडतो. नियम असा आहे की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं बिनतारण कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज. आणि कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त रक्कम हप्त्यांत जाता कामा नये. त्यात त्या कुटुंबाची सगळी चालू कर्जं धरायची. नवऱ्याच्या गाडीचा हप्ता धरायचा, सोनं गहाण ठेवून काढलेलं कर्जही धरायचं.

आता समजा, सुनेच्या चार माणसांच्या कुटुंबाचं उत्पन्न महिन्याला बारा हजार. म्हणजे सगळे हप्ते मिळून सहा हजारांच्या आत हवेत. पण फॉर्म भरायला आलेला माणूस विचारतो, "ताई, घरात सगळे मिळून किती कमावता?" सून आपली सरळ मनाने सासऱ्यांचं दूध, दिराची मजुरी, सगळं मिळवून सांगते, चोवीस हजार. कागदावर कुटुंबाचं उत्पन्न चोवीस हजार झालं, आणि हप्त्याची मर्यादा सहावरून बारा हजारांवर गेली. पण हप्ता भरायची वेळ आली की दीर म्हणतो, "कर्ज तुमचं, मी का भरू?" त्याचंही चूक नाही. कर्जाच्या नियमात तो या कुटुंबात नाहीच. उत्पन्न मोजताना सात जण आणि फेडताना दोघं, अशाने बाई बुडते.

तेव्हा असा प्रश्न आला की आधी उलट विचारायचं, "दादा, तुमच्या कागदात कुटुंब म्हणजे कोण कोण?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय आकडा सांगायचा नाही.

याच कागदावर आणखी एक शब्द असतो, 'सहकर्जदार'. नाहीतर 'जामीनदार'. लोक म्हणतात, "नुसती सही आहे, घरच्या माणसाची लागते." नुसती नसते! सहकर्जदार म्हणजे तोही पूर्ण कर्जाचा देणेकरी. आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, असं कराराचा कायदा सांगतो. घरचं माणूस म्हणून सही केली, तरी कागद नातं बघत नाही, सही बघतो.

चौथा कागद: पीएम किसान

इथे कुटुंब आणखी लहान होतं. नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, म्हणजे अठरा वर्षांच्या आतली. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला. आपला धाकटा आठवतो? चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा. कर्जाच्या कागदात तो आईबापाच्या कुटुंबात होता, कारण लग्न झालेलं नाही. इथे तो त्यांच्या कुटुंबाबाहेर, कारण तो सज्ञान झाला. एकच मुलगा, एकच घर, एका कागदात आत आणि दुसऱ्यात बाहेर!

आणि रात्रंदिवस शेतात राबणारी सून? जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. या कागदात तिची कुठेच नोंद नाही.

पाचवा कागद: दवाखान्याचं कार्ड

आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, तेही माणसाला नाही, कुटुंबाला. यादीतल्या कुटुंबात माणसं किती, त्यावर मर्यादा नाही. पण रक्कम सामाईक असते. सासऱ्यांच्या ऑपरेशनला तीन लाख गेले, तर त्या वर्षात बाकी सगळ्यांसाठी दोन लाख उरले. सत्तर वर्षांवरच्या माणसांना २०२४ पासून वेगळं पाच लाखांचं संरक्षण दिलंय, ते सत्तरीच्या आतल्या घरच्यांबरोबर वाटून घ्यावं लागत नाही. म्हणून घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर त्यांचं ते कार्ड आधी काढून घ्या. म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्याने लेकरांचा वाटा कमी व्हायला नको.

सहावा कागद: वारस आणि वाटणी

आता सगळ्यात मोठा कागद. इथे चूलही नाही, रेशनकार्डही नाही.

सासऱ्यांनी स्वतः कमावलेली जमीन आहे आणि मृत्युपत्र न करता ते गेले. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वारस कोण? सासू, मोठा मुलगा, धाकटा मुलगा आणि ती लग्न करून दिलेली मुलगी. चौघांना सारखा वाटा. (सासऱ्यांची आई हयात असेल तर तिलाही.) बघा, जी मुलगी पहिल्या कागदापासून बाहेर होती, ती इथे थेट आत आली. जमीन वडिलोपार्जित असेल तरी मुलगी आत आहेच. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. आणि वडील २००५ च्या आधी वारले असले तरी हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधीच कायदेशीर वाटणी होऊन गेली असेल, तर ती मोडता येत नाही.

हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख तायांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती तायांचे वारसा कायदे वेगळे आहेत, आणि अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू होत नाही. त्या तायांनी तालुक्याच्या विधी सेवा समितीत जरूर विचारावं. तिथे बायकांना मोफत सल्ला मिळतो.

माहेरी कुणी गेलं की काही दिवसांनी भाऊ कागद घेऊन येतो. "ताई, तुझं नाव रेशनकार्डावरून केव्हाच कमी झालंय, तू आता त्या घरची. इथे सही कर." तो कागद असतो हक्कसोड पत्र. तायांनो, रेशनकार्डावरून नाव कमी होणं आणि वारसातून नाव कमी होणं यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. रेशनकार्ड विचारतं, तू कुठे जेवतेस? वारसाचा कागद विचारतो, तू कुणाची लेक? लग्नाने जेवण्याची जागा बदलते. लेक असणं बदलत नाही.

मी असं म्हणत नाही की भावाशी भांडा. वाटा सोडायचा असेल तर खुशाल सोडा, तुमचा आहे तो. पण आपण काय सोडतोय, ते कळून सोडा. आधी सातबारा बघा, फेरफार बघा. हक्कसोड पत्राची रीतसर नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, तिथे तुम्हाला स्वतः सही-अंगठा करावा लागतो. ती सही झाली की मागे फिरणं फार अवघड. साडीचोळीच्या बदल्यात एकरभर जमीन जाते, आणि बाई घरी येऊन सांगते, "भावाला कसल्याशा कागदावर सही दिली."

मग सून कुठे आहे?

आता या सगळ्या कागदांतून सुनेकडे बघू. रेशनकार्डात ती आहे. जॉबकार्डात आहे, राबायचं आहे ना! कर्जाच्या कागदात तर ती पहिली आहे, तिच्याच नावावर कर्ज आहे. पण पीएम किसानमध्ये नाही, सातबाऱ्यावर नाही, आणि सासऱ्यांच्या वारसांतही नाही. जबाबदारीच्या कागदात सून कुटुंबात, आणि मालकीच्या कागदात कुटुंबाबाहेर. इथे बसलेल्या आपल्यापैकी बहुतेक जणी कुणाच्या तरी सुना आहेत. म्हणून हा विषय मी निवडला.

पण काहीच हातात नाही, असं नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, नवरा सासऱ्यांच्या आधी गेला, तर त्याच्या वाट्याला आलं असतं ते त्याच्या विधवेला आणि मुलांना मिळतं. 'नवराच नाही तर तुझं काय इथे' असं कुणी म्हणालं, तर त्याला कायद्याचा आधार नाही. वारस नोंदीत विधवा सुनेचं आणि मुलांचं नाव आलंच पाहिजे.

दोन, राहण्याचा हक्क. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'सामायिक घर' असा शब्द आहे. बाई ज्या घरात संसार करते, त्या घरात तिला राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरीही ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. म्हणजे इथे कागदाने मालकी बघितली नाही, संसार बघितला.

तीन, नाव लावून घेणं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली होती, शेतकऱ्याने आपणहून बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. पुढे १९९२ मध्ये राज्य सरकारनेही त्याच नावाने सोय केली. नवरा हयात असताना, स्वखुशीने, स्वतःच्या नावावरच्या जमिनीत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. यासाठी अर्ज नवऱ्याने करायचा असतो. म्हणून ही गोष्ट फक्त आपण बायकांनी ऐकून उपयोग नाही, घरी जाऊन सांगायची आहे. चांगला दिवस बघून सांगा!

आणि आपल्या एकल बहिणी. नवऱ्याने सोडलेली, माहेरी परतलेली बाई. तिचं नाव सासरच्या रेशनकार्डावर, ती जेवते माहेरी. सासरचं कार्ड म्हणतं ती आमची, धान्य घेतं आणि तिला देत नाही. माहेरचं कार्ड म्हणतं ती आमची नाही. अशा बाईसाठी पहिलं काम म्हणजे तिची चूल कागदावर आणणं. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नाव कमी करण्याचा आणि वेगळ्या कार्डाचा अर्ज देता येतो. एकटी गेली तर तिला चार फेऱ्या मारायला लावतील. ग्रामसंघाच्या चौघी बरोबर गेल्या तर खुर्ची मिळते. हे काम आपल्या ग्रामसंघाने अंगावर घ्यावं, असा माझा आग्रह आहे.

सहीच्या आधी विचारायचे चार प्रश्न

१. या कागदात कुटुंब म्हणजे कोण कोण? ते कुठे लिहिलंय, मला वाचून दाखवा.
२. तुम्ही काय मोजता? चूल, लग्न, वय की रक्ताचं नातं?
३. यातून कुटुंबाला मिळणार आहे की कुटुंबाने द्यायचं आहे? मिळणार असेल तर कुणाच्या खात्यात, द्यायचं असेल तर कुणाच्या सहीने?
४. या कागदात माझं नाव कुठे आहे?

चौथा प्रश्न विचारायला लाजू नका. फॉर्म भरणाऱ्याला राग आला तर येऊ दे, हप्ता तो भरणार नाहीये.

पुढच्या महिन्याच्या बैठकीसाठी एक काम देते. प्रत्येकीने घरून रेशनकार्ड, जॉबकार्ड, सातबारा आणि कर्जाचा कागद आणायचा, ज्यांच्याकडे जे असेल ते. झेरॉक्स चालेल. पाटीवर चार रकाने आखायचे आणि प्रत्येक कागदात घरातली कोण कोण माणसं आहेत, ते लिहायचं. जिला वाचता येत नाही, तिला शेजारणीने वाचून दाखवायचं. मग आपल्या नावाखाली रेघ ओढायची. ज्या रकान्यात रेघ ओढायला नावच सापडणार नाही, तिथून आपल्या पुढच्या कामाला सुरुवात करायची. सीआरपी ताई या याद्या गोळा करतील आणि ग्रामसंघाच्या बैठकीत आपण त्या एकेक करून बघू.